चार दिवस उभी राहिली की बॅटरी बसते: सात सीटर गाडीत करंट कुठे झिरपतो ते कसं शोधायचं

प्रश्न थोडक्यात असा. चार वर्षांची सात सीटर पेट्रोल गाडी, मॅन्युअल गिअर. तीन महिन्यांपूर्वी ४५ एएचची (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) नवी बॅटरी टाकली. रोज चालवली तर काही त्रास नाही. तीन-चार दिवस पार्किंगमध्ये उभी राहिली की सेल्फ नुसता टकटक करतो. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला केबल जोडून जंप दिला की लगेच चालू होते. आतापर्यंत दोनदा झालं. गॅरेजवाला म्हणतो अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी भरणारं यंत्र) गेला, बॅटरीवाला म्हणतो बॅटरी ठणठणीत आहे. आधी काय बदलायचं?

आधी काहीच बदलू नका. अल्टरनेटर खरोखर गेला असता तर रोजच्या चालवण्यातच गाडीने दगा दिला असता, उभं राहण्याची वाट बघितली नसती. तुमची गाडी चालताना चार्ज होते आणि उभी असताना रिकामी होते. म्हणजे कुठेतरी करंट झिरपतोय, आणि तो किती ते घरबसल्या काढता येतं. ४५ एएचच्या बॅटरीतून साधारण ३० एएच निघून गेले की पेट्रोल इंजिन फिरवायची ताकद उरत नाही. ३० एएच चार दिवसांत, म्हणजे ९६ तासांत जायचे तर सुमारे ३०० मिलिअँपिअर सतत वाहायला हवेत. तीनच दिवसांत जात असतील तर ४०० च्या आसपास. पाच वॅटचा एक बल्ब १२ व्होल्टवर जवळपास ४०० मिलिअँपिअर खातो. म्हणजे शोधायची गोष्ट साधारण एका छोट्या दिव्याएवढी आहे. वायरिंग जळण्याइतका मोठा शॉर्ट इथे नाही, आणि कॉम्प्युटर खराब झाल्याची शंका तर सगळ्यात शेवटी घ्यायची.

यात एक पुस्ती जोडतो. दोनदा पूर्ण बसलेली बॅटरी नवी राहत नाही. शिशाच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि ४५ ची बॅटरी ३० ची होऊन बसते. मग झिरपणारा करंट २०० मिलिअँपिअर असला तरी चौथ्या दिवशी हाच प्रकार होणार. म्हणून मोजमाप सुरू करण्याआधी बॅटरी बाहेर काढून चार्जरवर पूर्ण चार्ज करून घ्या. चार्जिंगचा करंट एएचच्या दहाव्या हिश्श्याइतका, म्हणजे इथे ४ ते ४.५ अँपिअर, आणि वेळ १० ते १२ तास. बसलेली बॅटरी ‘हायवेला एक चक्कर मारून’ भरत नाही. अर्ध्या तासाच्या चकरेत ती जेमतेम उठून बसते, आणि तेवढ्यासाठी अल्टरनेटर मात्र तापतो. बॅटरी काढताना दहाचा पाना लागतो. काळी केबल आधी सोडायची आणि लावताना शेवटी लावायची. उलट केलं आणि लाल टर्मिनलवरचा पाना बॉडीला टेकला तर पाना जागच्या जागी वेल्ड होतो. हातातलं कडं-अंगठीही काढून ठेवा.

चार्ज झाल्यावर बॅटरीला रात्रभर काहीही न जोडता ठेवा आणि सकाळी मल्टिमीटर लावा. १२.६ ते १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊणएक, १२.२ म्हणजे अर्धी आणि १२.० च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. चार्जरवरून काढल्या काढल्या मोजलं तर १३ च्या पुढचा आकडा दिसेल, त्यावर विश्वास ठेवू नका. तो वरवरचा चार्ज असतो. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने प्रत्येक सेलची ग्रॅव्हिटी, म्हणजे आतल्या अ‍ॅसिडची घनता, बघा. भरलेल्या सेलची १.२६५ च्या आसपास असते. पाच सेल १.२५० आणि एक १.१५० असं दिसलं तर तो सेल गेला, आणि मग बाकी तपास करून उपयोग नाही. पाणी कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर, आणि तेही प्लेटा बुडण्यापुरतं किंवा खुणेपर्यंत. एसीच्या नळीचं पाणी चालतं असं अनेकजण सांगतात. त्यात कॉइलवरची धूळ आणि धातूचे अंश असतात, ते घालू नका. अ‍ॅसिड तर घरी कधीच टॉप-अप करायचं नाही.

आता बॅटरी गाडीत बसवा आणि मीटर टर्मिनलवर ठेवून दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. आकडा खाली येणारच, पण ९.६ च्या खाली घसरला तर चार्ज झालेली बॅटरीसुद्धा कमजोर आहे असं समजा. इंजिन चालू झालं की १३.८ ते १४.७ च्या दरम्यान दिसायला हवं. मग एसी पुढचा-मागचा दोन्ही फुल, हेडलाइट हाय बीमवर, मागच्या काचेचा डिफॉगर चालू, आणि इंजिन १५०० आरपीएमवर धरा. तरीही १३.५ च्या वर टिकलं तर अल्टरनेटरला क्लीन चिट. आयडलला थोडं कमी दिसणं सात सीटर गाडीत स्वाभाविक आहे. दोन ब्लोअर, कंडेन्सरचा पंखा आणि हेडलाइट मिळून ४० अँपिअरच्या पुढे सहज जातात, आणि इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग पार्किंगमध्ये पूर्ण वळवलं की त्यावर आणखी मोठा झटका देतं. सिग्नलला थांबल्यावर दिवे किंचित मंद होत असतील तर एवढ्यावरून अल्टरनेटर बदलू नका. पट्टा सैल आहे का ते आधी बघा.

इथे एक गफलत हल्ली सर्रास होते. स्टार्ट-स्टॉप किंवा माइल्ड हायब्रिड गाडीत कॉम्प्युटर मुद्दाम चार्जिंग कमी-जास्त करतो. इंजिन चालू असताना १२.७ दिसलं म्हणून अल्टरनेटर गेला असं ठरवणारे मेकॅनिक आहेत. हेडलाइट लावल्यावर आकडा १४ कडे गेला तर सगळं ठीक आहे. २०१८ नंतरच्या स्मार्ट हायब्रिड एर्टिगात तर अल्टरनेटरचं आणि स्टार्टरला मदत करण्याचं काम एकच पट्ट्यावरचं मशीन करतं, आणि बोनेटखालच्या बॅटरीखेरीज सीटखाली एक लिथियम बॅटरी असते. तिला हात लावायचं कारण नाही. इनोव्हा हायक्रॉससारख्या पूर्ण हायब्रिडमध्ये नेहमीचा अल्टरनेटरच नसतो. गाडी ‘रेडी’ असताना मोठी बॅटरी कन्व्हर्टरमधून १२ व्होल्टची बॅटरी भरते. तिथे वरचे भाराचे आकडे लावू नका, आणि मोठ्या बॅटरीच्या नारिंगी केबलपासून चार हात लांब राहा.

आता मुख्य काम, झिरप मोजणं. मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घाला, नेहमीच्या भोकात नाही. तिथे घातलीत तर मीटरचा फ्यूज उडेल. गाडीचा ड्रायव्हरकडचा दरवाजा उघडा ठेवा आणि त्याच्या लॅचची जीभ स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत दाबा, म्हणजे गाडीला दरवाजा लागल्यासारखं वाटेल. फ्यूज बॉक्स आत असतो, त्याच्याकडे नंतर जावं लागतं. बोनेटला स्विच असेल तर त्याचंही तसंच. गाडी लॉक करा आणि स्मार्ट की घरात ठेवून या. चावी जवळ असली की गाडी झोपतच नाही, म्हणजे तिचे कॉम्प्युटर जागेच राहतात, आणि तुम्ही नसलेल्या दोषाचा पाठलाग करत बसता. मग काळा क्लॅम्प बॅटरीवरून सोडा आणि क्लॅम्प व बॅटरीचा बोल्ट यांच्यामध्ये मीटर जोडा.

सुरुवातीला दोन-चार अँपिअर दिसतील. घाबरू नका. क्लॅम्प सोडून पुन्हा जोडला की सगळे मॉड्यूल (गाडीतले छोटे कॉम्प्युटर) जागे होतात आणि झोपायला २० ते ४५ मिनिटं घेतात, काही गाड्यांत तासभर. तोवर लॉक-अनलॉक करायचं नाही, आणि मीटर मध्ये असताना इग्निशन ऑन किंवा सेल्फ तर अजिबात नाही. तासाभराने आकडा २० ते ५० मिलिअँपिअरवर आला तर गाडी निर्दोष आहे आणि संशय परत बॅटरीवर. तुमच्या बाबतीत तो ३०० च्या आसपास अडकलेला सापडेल असा माझा अंदाज. डीसी मिलिअँपिअर वाचणारा क्लॅम्प मीटर कुणाकडे मिळाला तर केबल सोडायचीच गरज नाही.

आकडा सापडला की जागा शोधायची. जुनी पद्धत म्हणजे एकेक फ्यूज उपटायचा आणि आकडा कधी पडतो ते बघायचं. नव्या गाड्यांत ही पद्धत फसवते, कारण फ्यूज परत लावला की ते मॉड्यूल पुन्हा जागं होतं. त्यापेक्षा फ्यूज जागेवरच ठेवा, मीटर मिलिव्होल्टवर घ्या आणि फ्यूजच्या पाठीवरच्या दोन उघड्या टोकांवर सुया टेकवा. करंट वाहत नसेल तर शून्य. १० अँपिअरच्या मिनी फ्यूजवर १ मिलिव्होल्ट दिसला तर त्यातून साधारण १३० मिलिअँपिअर वाहतोय. १५ च्या फ्यूजवर तोच १ मिलिव्होल्ट म्हणजे २०० च्या आसपास. ३०० मिलिअँपिअरची झिरप १० च्या फ्यूजवर २ मिलिव्होल्टच्या पुढे दिसते, आणि ते साध्या मीटरवरही ओळखू येतं. बोनेटखालचा आणि डॅशबोर्डखालचा असे दोन्ही बॉक्स तपासा. कुठला फ्यूज कशाचा हे झाकणाच्या आतल्या बाजूला किंवा मॅन्युअलमध्ये असतं.

फ्यूजपर्यंत पोचायच्या आधी मात्र एक साधी गोष्ट करून बघा, कारण या प्रकारच्या गाड्यांत दोष बऱ्याचदा पाठीमागे सापडतो. फोनचा व्हिडिओ चालू करून तो डिकीत, दिव्याकडे तोंड करून ठेवा आणि डिकी लावा. मिनिटभराने काढून बघा. चित्र काळं झालं तर दिवा विझला. उजेड तसाच राहिला तर चोर सापडला. डिकीच्या लॅचमध्ये एक मायक्रोस्विच असतो. डिकी लागली हे गाडीला तोच सांगतो. चिखल-पाणी जाऊन तो अडकतो, किंवा डिकीचे रबरी स्टॉपर झिजल्याने लॅच पूर्ण बसत नाही. अशा वेळी डॅशबोर्डवर डिकी उघडी असल्याचा इशारा कधी येतो, कधी येत नाही. लॅचवर डब्ल्यूडी-४० मारून आठ-दहा वेळा उघडझाप केल्यावर सुटलं तर नशीब, नाहीतर लॅच बदलायचा.

दुसरी जागा छतातली. तिसऱ्या रांगेच्या दिव्याला ऑन, ऑफ आणि दरवाजा अशा तीन स्थिती असतात. मुलं मागे बसली की त्या बटणाशी खेळतात. दिवसा तो दिवा पेटलेला दिसत नाही आणि रात्री तुम्ही गाडीपाशी नसता. बऱ्याच नव्या गाड्या काही मिनिटांनी हे दिवे आपोआप बंद करतात, पण सगळ्या करत नाहीत.

तिसरी जागा, आणि माझ्या मते तुमच्याकडचा सगळ्यात मोठा संशयित, म्हणजे बाहेरून बसवलेल्या वस्तू. अँड्रॉइड स्टीरिओ, पार्किंग मोडचा डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, अ‍ॅम्प्लिफायर. स्टीरिओला दोन लाइव्ह वायर असतात. पिवळी कायमची, गाडी बंद असताना तिच्यावर फक्त मेमरी टिकायला हवी. लाल चावीवरची. बसवणाऱ्याला चावीची लाइन लवकर सापडली नाही की तो लाल वायरही पिवळीला पिळून मोकळा होतो. स्क्रीन बंद दिसते, आतला प्रोसेसर जागाच राहतो आणि २०० ते ५०० मिलिअँपिअर निवांत पीत बसतो. स्टीरिओचा सॉकेट काढून मीटर बघितलं की दहा सेकंदांत निकाल लागतो. डॅशकॅमच्या हार्डवायर किटमध्ये कमी व्होल्टेजला बंद होण्याची सोय असते, पण ती ११.८ वर लावलेली असेल तर काही कामाची नाही. १२.४ ला लावा. फास्टॅगला मात्र दोष देऊ नका, त्याला वीज लागतच नाही. पिवळ्या पाटीच्या टुरिस्ट गाडीत एआयएस १४० या सरकारी मानकाचा ट्रॅकर असतो, तो सतत थोडा करंट खातोच. ती गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर हे हिशेबात धरा.

एवढं करूनही कुठल्याच फ्यूजवर काही दिसत नसेल आणि झिरप मात्र कायम असेल तर अल्टरनेटरकडे वळा. आता त्याची पाळी. त्याच्या आतला डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गळका झाला तर चालताना चार्जिंग बऱ्यापैकी दिसतं आणि उभं असताना बॅटरी त्याच्यातूनच उलटी रिकामी होते. बॅटरीची काळी केबल सोडा, अल्टरनेटरच्या मागची जाड वायर काढून टोकाला नीट इन्सुलेशन करा, केबलच्या जागी पुन्हा मीटर जोडा. आकडा पडला तर डायोड प्लेट खराब. दुसरी खूण म्हणजे इंजिन बंद करून दोन-तीन तास झाले तरी अल्टरनेटर हाताला कोमट लागतो. पूर्ण अल्टरनेटर घ्यायची गरज नसते. चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन डायोड प्लेट बदलून देतो. चिकटलेला रिलेही (विजेने चालू-बंद होणारा स्विच) असाच ओळखू येतो. गाडी झोपलेली असताना सगळे रिले बोटाने चाचपा, त्यातला एक गरम असला तर तोच.

तुमच्या प्रश्नात टकटक असं म्हटलंय, त्या आवाजाबद्दल थोडं. भराभर टकटकटक म्हणजे सॉलेनॉइड (सेल्फला करंट जोडणारा चुंबकी स्विच) ओढला जातो आणि व्होल्टेज पडून सुटतो, बॅटरी रिकामी. एकच ‘टक’ आणि दिवे लख्ख, तर सेल्फचे ब्रश किंवा सॉलेनॉइडचे कॉन्टॅक्ट. एकच ‘टक’ आणि सगळंच गुल, डॅशबोर्डसुद्धा अंधारात, तर टर्मिनल सैल किंवा क्षार चढलेला. काहीच आवाज नाही आणि दिवे ठीक, तर क्लच स्विच, ऑटोमॅटिकमध्ये ब्रेक किंवा न्यूट्रल स्विच, नाहीतर इमोबिलायझर (चावी ओळखली नाही तर गाडी सुरू न होऊ देणारी यंत्रणा). व्होल्टेज पडल्यावर स्टिअरिंग, एबीएस, एअरबॅग असे सगळे इशारे एकदम पेटतात. एकाच सकाळी तीन यंत्रणा बिघडत नाहीत. बॅटरी भरा आणि मग किती इशारे उरतात ते बघा.

टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा क्षार गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा, कोरडं करा, क्लॅम्प घट्ट करा आणि मग वरून पेट्रोलियम जेली लावा. आधी जेली आणि मग क्लॅम्प हे उलटं झालं. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या हवेमुळे बॉडी व इंजिनमधली अर्थची पट्टी (करंट बॅटरीच्या मायनसकडे परत नेणारी जोडणी) आतून गंजते, वरून चांगली दिसते. मीटरची एक सुई इंजिनच्या उघड्या धातूवर आणि दुसरी बॅटरीच्या काळ्या टर्मिनलवर ठेवून सेल्फ मारा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग खराब, पट्टी सोडून घासून पुन्हा बसवा. ब्रेक दाबल्यावर मागचा इंडिकेटर मिणमिणत असेल तर त्या दिव्याच्या होल्डरचा अर्थ गेलाय, बल्ब बदलून काही होणार नाही.

डिकीच्या बिजागरीपाशी एक रबरी नळी असते, तिच्यातून मागचा वायपर, नंबर प्लेटचा दिवा, कॅमेरा, डिफॉगर या सगळ्यांच्या वायर जातात. डिकी हजारो वेळा उघडली की त्या आतल्या आत तुटतात किंवा सोलून एकमेकींना लागतात. कॅमेरा मधूनच जाणं, डिकी वर केली की फ्यूज उडणं ही त्याची लक्षणं. नळी मागे सारून एकेक वायर हलके ओढून बघा, तुटलेली वायर रबरासारखी ताणली जाते. तिथे टेप गुंडाळणं म्हणजे दोन महिन्यांची उसनवारी. त्याच जाडीची मऊ, बारीक तारांची वायर घ्या, जोड वळणाच्या बाहेर आणि एकमेकांच्या पुढे-मागे ठेवा, सोल्डर किंवा क्रिम्प करून वर हीट श्रिंक चढवा. सरकत्या दरवाज्यांच्या गाड्यांत हेच दुखणं दरवाज्याच्या लवचीक पट्ट्यात होतं. फ्यूज उडत राहिला म्हणून मोठ्या अँपिअरचा घालू नका, वायर जळेल.

तोवर जंप द्यावा लागलाच तर लाल क्लॅम्प आधी बसलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या गाडीच्या प्लसला. काळा चांगल्या गाडीच्या मायनसला आणि शेवटचा काळा तुमच्या इंजिनच्या उघड्या धातूवर, बॅटरीपासून लांब. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि शेवटच्या जोडणीला ठिणगी पडते, म्हणून ती लांब. बॅटरीच्या मायनसवर छोटा सेन्सर असलेल्या गाडीत बॉडीवरचा अर्थच वापरायचा. केबल किमान १६ चौरस मिलिमीटरची हवी. जाड रबरात केसाएवढी तार असलेल्या केबलने पेट्रोल गाडीही उठत नाही. दुसरी गाडी पाचेक मिनिटं चालू ठेवून मग सेल्फ मारा. चालू झाल्यावर ‘अल्टरनेटर तपासतो’ म्हणून कुणी बॅटरीची केबल काढायला निघालं तर थांबवा. व्होल्टेज उसळतं आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) जाऊ शकतो.

दोष काढल्यावर खात्री अशी करायची. बॅटरी पूर्ण भरा, सकाळी आकडा लिहून ठेवा, गाडी चार दिवस हलवू नका, आणि पाचव्या दिवशी दरवाजा उघडण्याआधी मोजा. त्यासाठी बोनेट आदल्या वेळी फक्त टेकवून ठेवा. ३० मिलिअँपिअरची नेहमीची झिरप चार दिवसांत जेमतेम ३ एएच नेते, म्हणजे १२.६५ चं १२.५५ च्या आसपास व्हायला हवं. १२.४ च्या खाली आलं तर अजून एक जागा राहिलीय. आणि हीच निर्दोष गाडी महिनाभर उभी ठेवली तर २१-२२ एएच जातात, बॅटरी अर्धी होते. दिवाळीत महिनाभर गावी जाणार असाल तर काळी केबल सोडून जा. घड्याळ आणि काचांचं ऑटो-अप पुन्हा लावावं लागेल. गाडी मग रिमोटने उघडणार नाही, म्हणून स्मार्ट कीच्या आतली लोखंडी चावी निघते का आणि दरवाज्याच्या कुलपात फिरते का, ते केबल सोडायच्या आधी बघून घ्या.